धंदा बंद पडल्यावर मनात काय काय होतं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं

धंदा बसला की आजूबाजूच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती गेले? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. पैशाचा आकडा सांगता येतो म्हणून तोच विचारला जातो. बाकी जे जातं ते कोणी मोजत नाही, आणि ज्याचं गेलं त्यालाही बरेच दिवस कळत नाही की आपल्याला नेमकं कुठं दुखतंय.

इचलकरंजीचं उदाहरण घेतो, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळ्या गावाची भाकरी मागावर आली. यात खर्चीवाले म्हणून एक वर्ग आहे. माग स्वतःचे, सूत व्यापाऱ्याचं. कापड विणून द्यायचं आणि पिकामागे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, इतके पैसे अशी मजुरी घ्यायची. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, सुताच्या भावाची वरखाली, विजेचं बिल आणि त्यावर कोरोना, यात कितीतरी साधे माग भंगारात गेले. माग भंगारात जातो तेव्हा त्याची किंमत किलोवर होते. गॅस कटरने सांगाडा कापतात, टेम्पोत टाकतात, वजनकाट्यावर नेतात.

माझ्या ओळखीच्या एका खर्चीवाल्यांचे माग असेच गेले. नंतर भेटलो तेव्हा पैशाविषयी ते फारसं बोलले नाहीत. म्हणाले, ‘रात्री झोप लागत नाही. आवाज थांबला की जाग यायची सवय आहे.’ आयुष्यभर शेडला लागूनच घर. मागांच्या खडखडाटात त्यांना गाढ झोप लागायची आणि शांतता झाली की डोळे उघडायचे, कारण शांतता म्हणजे लाइट गेली किंवा काहीतरी बिघडलं. आता रोजच शांतता होती, त्यामुळे अंग रोज रात्री धोक्याची घंटा वाजवत होतं.

धंद्याबरोबर काय काय जातं ते यात दिसतं. पैसा गेला हे उघड आहे. शिवाय ‘मालक’ ही हाक गेली. सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांनी बांधलेला दिवस गेला. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारा जॉबर, चहा आणणारा पोरगा, सगळी माणसं पांगली. सुताच्या पेढीवर नुसत्या शब्दावर माल मिळायचा ती पत गेली. पोराला पुढे हेच द्यायचं होतं, तो बेतही गेला. ही पाच-सहा वेगवेगळी नुकसानं आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पण मन त्यांची एकच मोळी बांधतं आणि वर चिठ्ठी लावतं: मी संपलो. सावरण्याचं बरंचसं काम म्हणजे ही मोळी सोडवणं. ते मनाच्या बाजूनंही करावं लागतं आणि हिशेबाच्या बाजूनंही, दोन्ही एका वेळी. नुसतं ‘सकारात्मक राहा’ म्हणून कर्ज फिटत नाही, आणि नुसते हप्ते बांधून घेतल्याने झोप येत नाही.

हे दुःखच आहे

डीन शेफर्ड नावाच्या अभ्यासकाने २००३ साली एक निबंध लिहिला. त्याच्या वडिलांचा घरचा व्यवसाय बंद पडला होता आणि त्यानंतर वडिलांचं जे झालं ते त्याने पाहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की, व्यवसाय बुडाल्यावर माणसाला होतं ते जवळचं कोणी गेल्यावर होणाऱ्या शोकासारखंच असतं आणि त्याच्याकडे तसंच पाहायला हवं. तोच राग, तीच बधिरता, ‘असं केलं असतं तर’ हे तेच मध्यरात्रीचं चक्र.

पण माणूस गेला की आपल्याकडे सगळी व्यवस्था असते. सुतक असतं, लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, तेराव्यापर्यंत कोणी कामाची अपेक्षा करत नाही. दुकानाचं शटर कायमचं खाली आलं तर यातलं काही नाही. उलट लोक टाळतात. काही उसने मागेल म्हणून टाळतात, काही काय बोलावं सुचत नाही म्हणून. समाज ज्या शोकाला शोक मानत नाही, तो आतल्या आत जास्त दिवस राहतो, असं केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं. धंद्याचं दुःख नेमकं याच जातीचं आहे.

मग शोक करायचा म्हणजे बसून राहायचं का? याचं उत्तर मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी १९९९ साली दिलं. माणूस सावरतो तो येजा करत सावरतो. थोडा वेळ तो नुकसानीकडे तोंड करून बसतो: रडतो, आठवतो, कोणाशी बोलतो, काय चुकलं ते उगाळतो. मग पाठ फिरवून समोरच्या कामाला लागतो: बँकेत जातो, भाजी आणतो, नोकरीसाठी फोन करतो. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दोन्हींपैकी एकाच बाजूला अडकला तर गाडी रुतते. दिवसभर उगाळत बसणारा रुततो, हे सगळ्यांना दिसतं. दुसऱ्याच दिवशी नवा धंदा काढून ‘मला काही झालंच नाही’ म्हणणाराही रुततो. ते दिसायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. शेफर्डनेही धंद्याच्या बाबतीत हीच येजा सुचवली आहे.

म्हणून एखाद्या दिवशी सकाळी बरं वाटलं आणि दुपारी जुनं बिलबुक हाती लागून पुन्हा कोसळायला झालं, तर तो मागे घसरल्याचा पुरावा समजू नका. सावरणं असंच होतं.

डोकं चालत नाही, त्याला कारण आहे

या दिवसांत माणूस किल्ल्या विसरतो, अर्ज चुकीचा भरतो, साध्या बेरजेत अडकतो, मुलांवर खेकसतो. आणि मग म्हणतो, ‘बघा, माझ्यात अक्कलच नव्हती, म्हणून तर बुडालो.’

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. तामिळनाडूतल्या उसाच्या शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, विचारशक्तीच्या त्याच त्या चाचण्या दिल्या. माणूस तोच. पण चणचणीच्या दिवसांत त्याचे गुण स्पष्टपणे कमी आले. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा व्यापून बसते आणि बाकी विचाराला जागाच उरत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. पहिल्या काही महिन्यांत मोठे निर्णय एकट्याने घेऊ नका. घर विकायचं, भागीदारावर केस टाकायची, गाव सोडायचं, यातलं काहीही असो. जे थांबवता येईल ते थांबवा आणि थांबवता येत नसेल तर दुसऱ्या शांत डोक्याच्या माणसाला कागद वाचायला द्या. सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

सगळ्यात धोक्याचा निर्णय म्हणजे कर्ज फेडायला कर्ज. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की, तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही इतका धोका पत्करतो, कारण तोटा पक्का होऊ देणं त्याला सहन होत नाही. आपल्याकडे हे असं दिसतं: बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून भिशी लवकर उचलायची, भिशी भरायला बायकोचे दागिने, दागिने सोडवायला महिना १० टक्क्यांचा खासगी सावकार. प्रत्येक पायरीवर वाटतं, एवढा एक महिना निघाला की झालं. तो महिना निघत नाही. अनेक घरं धंद्याच्या तोट्याने जेवढी बुडाली नसती, तेवढी या शेवटच्या सहा महिन्यांच्या धडपडीने बुडाली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वही काढा

आता हिशेबाची बाजू. मनाविषयीच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण अशा घरात भीतीला आकार नसतो, तेच जास्त त्रास देतं. ‘सगळीकडून देणं आहे’ हे वाक्य माणसाला रात्रभर जागं ठेवतं. ‘सात ठिकाणी देणं आहे, त्यातल्या दोन ठिकाणी या महिन्यात बोलावं लागेल’ हे वाक्यही सुखाचं नाही, पण त्याच्यासोबत झोपता येतं.

एक साधी वही घ्या. ज्याचं देणं आहे अशा प्रत्येकाला एक पान. त्यावर मुद्दल किती, व्याज किती, तारण काय दिलं, जामीन कोण, कोरे किंवा पुढच्या तारखेचे चेक दिले आहेत का, आणि शेवटचं बोलणं काय झालं. न उघडलेली पाकिटं उघडा. एकट्याने उघडवत नसतील तर मित्राला शेजारी बसवा. त्याने काही बोलायचं नाही, फक्त बसायचं. कामगारांचे थकलेले पगार याच वहीत, आणि माझ्या मते पहिल्या पानावर, कारण त्यांच्या घरची चूल त्यावर आहे आणि ते देणं फिटल्याचं समाधान वेगळं असतं.

मग कायदा काय म्हणतो ते थोडं तरी माहीत हवं, कारण अर्धी भीती ऐकीव गोष्टींची असते.

कर्ज फेडता न येणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. फसवणुकीच्या हेतूने घेतलं असेल तर वेगळं. चेक न वटण्याचं मात्र वेगळं कलम आहे, १३८. त्यातही पायऱ्या आहेत: चेक परतल्याची खबर बँकेकडून मिळाल्यावर समोरच्याने ३० दिवसांत नोटीस द्यायची असते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला उभा राहत नाही. म्हणून नोटीस घ्यायला नकार देण्यात किंवा ती न वाचता कपाटात टाकण्यात नुकसान आपलंच.

तारण दिलेली मालमत्ता बँकेला ताब्यात घ्यायची असेल तर सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे उद्या सकाळी कोणी येऊन घराला कुलूप लावणार नाही. बँकेशी एकरकमी तडजोड करता येते. पुढे कर्जाच्या इतिहासात त्याची नोंद राहते, एवढं लक्षात ठेवावं. बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. फोनची वेळ आणि बोलणं वहीत टिपून ठेवा. तक्रारीला ते लागतं. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते.

कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी जप्तीत कारागिराची अवजारं, घालायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धर्माचाराने बाईने उतरवायचा नसतो असा दागिना घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात हे लिहिलेलं आहे. ‘गळ्यातलं मंगळसूत्र सुद्धा नेतील’ ही भीती मी इतक्या घरांत ऐकली आहे की ही ओळ ठळक अक्षरांत छापून वाटावीशी वाटते.

आणि एक रुक्ष काम: जीएसटी नोंदणी रद्द करायला अर्ज करा आणि नंतर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरा. धंदा मनातून बंद झाला पण कागदावर चालू राहिला, तर विलंब शुल्क चढत राहतं आणि वर्षभराने आलेली नोटीस नुकती भरत आलेली जखम पुन्हा उघडते. वीजजोडणी, शॉप अ‍ॅक्ट, चालू खातं, यांचंही तसंच. या कामांना चार्टर्ड अकाउंटंट आणि वकील लागतील. परवडत नसेल तर वकिलासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

लाज

पैशाच्या तोट्यापेक्षा लाज जास्त छळते. लग्नाला जायचं नाही, ठरलेल्या रस्त्याने जायचं नाही, फोन सायलेंटवर. ‘वडिलांनी उभं केलेलं मी बुडवलं’ हे वाक्य तर इतकं जड आहे की ते उचलून माणसाला दुसरं काही करताच येत नाही.

अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती मराठी माणसाला परकी नाही, कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आय.पी.एच. संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती असंख्य लोकांपर्यंत पोहोचवली. तिचा गाभा असा: घटना आपल्याला दुःख देते हे खरं, पण त्या दुःखाचं पंगू करणाऱ्या निराशेत रूपांतर होतं ते आपल्या हट्टी अपेक्षांमुळे. ‘मला यश मिळावं’ ही इच्छा झाली. ‘मला यश मिळालंच पाहिजे, नाही तर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट झाला. इच्छा मोडली की वाईट वाटतं, हट्ट मोडला की माणूस मोडतो. दुसरी गोष्ट एलिस सांगतात ती अशी की, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. ‘मी उधारीवर लक्ष ठेवलं नाही’ हे कृतीचं मूल्यमापन. त्यातून काही करता येतं. ‘मी नालायक’ हे माणसाचं मूल्यमापन. त्यातून झोपून राहण्याखेरीज काही निघत नाही.

हे करून पाहायचं असेल तर कागदावर करा. एक मोठं वर्तुळ काढा आणि धंदा बुडायची जेवढी कारणं आठवतात, त्यांना त्यात वाटे द्या. बाहेरची कारणं आधी लिहा: नोटाबंदी, सुताचा भाव, मोठा व्यापारी बुडाला त्यात अडकलेले पैसे, कोरोनातले बंद महिने. मग भागीदाराचे निर्णय. सगळ्यात शेवटी स्वतःचा वाटा. लाजेने ग्रासलेला माणूस आधी सगळं वर्तुळ स्वतःच्या नावावर लिहितो. उलट क्रमाने भरलं की त्याचा वाटा कागदावर दिसतो तेवढाच उरतो. तो शून्य नसतो, आणि तो शून्य आहे असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका. उधारी वाढू दिली, हिशेब दिवाणजीवर सोडला, नको तेव्हा नवे माग घेतले, हे आपलं आपल्याला माहीत असतं. तो वाटा मान्य करणारा माणूस पुढे सावध होतो. पूर्ण वर्तुळ डोक्यावर घेणारा आणि पूर्ण वर्तुळ सरकारवर ढकलणारा, दोघंही काही शिकत नाहीत.

आणखी एक. ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ असं वाटणं फसवं असतं. निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच उघड होता असं वाटू लागतं, हे बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवलं आहे. तेव्हा तुमच्या हातात जी माहिती होती तिच्यावरच तुमच्या निर्णयाचा न्याय व्हायला हवा.

घरातलं बोलणं

‘अहो, एकूण किती आहे ते एकदा सांगा तरी.’

‘होईल काहीतरी. तू कशाला डोकं शिणवतेस?’

हा संवाद किती घरांत चालतो! तो काळजीपोटी लपवतो. पण ती ओळखते, फोन आल्यावर तो गॅलरीत का जातो हे तिला दिसत असतं. आकडा माहीत नसल्यामुळे ती मनात त्याच्या दुप्पट धरते. शिवाय आकडा दुसऱ्याकडून, एजंटाच्या फोनवरून कळला की पैशाच्या दुःखात फसवणुकीचं दुःख मिसळतं, आणि ते भरून यायला जास्त वेळ लागतो. सांगताना वही पुढे ठेवा आणि सलग सांगा, हप्त्याहप्त्याने नाही. ‘आणखी एक आहे’ असं महिन्याभराने सांगावं लागणं फार वाईट.

मुलांना वयाप्रमाणे सांगावं. ‘दुकान बंद केलंय, काही दिवस खर्च जपून करायचा आहे, तुझी शाळा चालू राहील’ एवढं दहा वर्षांच्या मुलाला पुरतं. न सांगितलं तर घरातल्या ताणाचं कारण आपणच आहोत अशी मुलं समजूत करून घेतात. म्हाताऱ्या आईवडिलांपासून लपवण्याची तर चढाओढच असते. त्यांनी याहून वाईट दुष्काळ पाहिलेले असतात.

नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने सगळ्यात अवघड, कारण तिथे कागद नसतो आणि रोजचं तोंड असतं. तिथे गप्प राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ‘दादा, पैसे बुडवणार नाही, पण या वर्षी जमणार नाही, पुढच्या दिवाळीनंतर महिन्याला दोन हजार सुरू करतो’ असं आपण होऊन सांगायला गेलेल्या माणसाची पत राहते. जमेल तेवढाच शब्द द्या. लाजेपोटी मोठा आकडा बोललात की तो मोडणार आणि दुसऱ्यांदा मान खाली जाणार.

बाईचा धंदा बंद पडला तर गोष्ट आणखी वेगळी होते. मसाले, शिलाई, ब्युटी पार्लर, पोळी-भाजी केंद्र. बहुतेकदा त्यामागे बचत गटाचं कर्ज असतं आणि तिचा हप्ता थकला की शेजारच्या नऊ-दहा जणींना तोंड द्यावं लागतं. घरात ऐकावं लागतं, ‘तरी सांगत होतो, कशाला नसते उद्योग.’ तिचं दुःख ‘हौस होती, फिटली’ म्हणून निकालात काढलं जातं. खरं तर स्वतःच्या हातात येणारा, कोणाला हिशेब न देता खर्चता येणारा तिचा तेवढाच पैसा होता. घरच्यांनी हे नुकसान पुरुषाच्या नुकसानाइतकंच खरं मानलं पाहिजे.

भेटायला जाणाऱ्यांसाठी इतकंच: ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ घेऊन जाऊ नका. मोठ्या उद्योगपतींच्या गोष्टीही नको. त्या अशा लोकांच्या गोष्टी असतात जे शेवटी जिंकले, म्हणूनच त्या आपल्यापर्यंत आल्या. दादासाहेब फाळक्यांचंच पाहा. नाशिकच्या कंपनीत भागीदारांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले, काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, पुन्हा चित्रपटांत परतले. १९३७ मध्ये कोल्हापुरात त्यांनी एकमेव बोलपट केला. पण पहिल्या वर्षांचं वैभव परत आलं नाही, आणि १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा उद्योग त्यांना बराचसा विसरला होता. तरीही त्यांचं काम कमी ठरत नाही. धंदा पुन्हा उभा राहिला तरच माणूस सावरला, ही अट आपण काढून टाकायला हवी. जाताना डबा घेऊन जा, रिक्षाने बँकेत सोबत जा, मुलांना एका रविवारी फिरवून आणा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. तो सांगणार नाही.

कधी मदत घ्यायचीच

दुःख आणि नैराश्याचा आजार यांची सीमा धूसर आहे, पण काही खुणा ठरलेल्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं. भूक मरणं, अंघोळीचाही कंटाळा. दारू रोजची होणं. ‘मी नसतो तर यांचं बरं झालं असतं’ किंवा ‘विम्याचे पैसे तरी येतील’ असं बोलणं. शेवटचं वाक्य ऐकलं की त्याच दिवशी हालचाल करा.

२०२० साली देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. हे भीती घालायला सांगत नाही. असे विचार येणारा माणूस स्वतःला जगात एकटाच समजतो, तो एकटा नाही, आणि बहुतेक वेळा हे विचार लाटेसारखे येऊन ओसरतात. लाट ओसरेपर्यंत जवळ माणूस हवं. शंका आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. घरातली कीटकनाशकं, साठवलेल्या गोळ्या त्याच्या हाताबाहेर ठेवा, त्याला एकटं सोडू नका.

१४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. औषधं दिली तर घ्यावीत. आयुष्यभर चालू राहतात ही सरसकट समजूत खरी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानलं आहे आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

पुन्हा कामाला लागणं

पहिल्यांदा दिवस बांधावा लागतो. इच्छा झाली की उठू, असं ठरवलं तर इच्छा होत नाही. काम आधी, उमेद मागून. उठायची वेळ, दाढी-अंघोळ, अर्धा तास चालणं, वहीतलं एक काम, एका माणसाला फोन. माझ्या ओळखीच्या त्या खर्चीवाल्यांना डॉक्टरांनी रात्री पंखा मोठा ठेवून झोपायला सांगितलं आणि पहाटे चालायला लावलं. आवाजाची ती रिकामी जागा थोडी भरली, झोप हळूहळू आली.

लिहिण्याचाही उपयोग होतो. अमेरिकेत अचानक नोकरी गेलेल्या अनुभवी तंत्रज्ञांवर एक अभ्यास झाला, १९९४ मध्ये तो छापून आला. काहींना सलग ५ दिवस रोज २० मिनिटं नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते मोकळेपणाने लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी जास्त जणांना नोकरी मिळाली. त्यांनी अर्ज जास्त केले होते असं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांचा कयास असा की, राग कागदावर उतरलेला असल्यामुळे तो मुलाखतीत उतरला नाही. लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही, फाडून टाकलं तरी चालतं.

मालक असलेल्या माणसाला दुसऱ्याकडे नोकरी करणं जड जातं. पण महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम घरात आली की वर सांगितलेली ती डोक्यातली जागा मोकळी होते, आणि मोकळ्या डोक्याने पुढचं दिसतं. इचलकरंजीत माग विकलेले कितीतरी जण आज दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर किंवा सुपरवायझर आहेत. त्यांना सूत हातात घेऊन त्याचा दर्जा कळतो. माग भंगारात गेले तरी हे ज्ञान काट्यावर चढलेलं नाही. मुलाखतीत ‘धंदा का बंद केला?’ हा प्रश्न येणारच. दोन-तीन वाक्यांत, तारखेसह, कोणाला दोष न देता सांगता येईल असं उत्तर घरीच तयार करा आणि मोठ्याने म्हणून बघा. घशात आवंढा न येता ते म्हणता येऊ लागलं की शोक बराच पुढे सरकला असं समजायला हरकत नाही.

नवा धंदा काढायचाच असेल तर त्याआधी जुनी वही पुन्हा उघडा. कोणती पानं अजून चालू आहेत, घरखर्चाचे सहा महिने बाजूला आहेत का, घराचं तारण न देता सुरू करता येतं का, ते पाहा. आणि भांडवल किती घालायचं हे ठरवताना किती गेलं की थांबायचं तो आकडाही त्याच दिवशी लिहून, तारीख घालून, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. तोट्यात असताना तो आकडा आपल्याला बदलावासा वाटणार आहे, म्हणून तो दुसऱ्याच्या हातात हवा.